शफल की अख्खा अल्बम?

आपल्याच संग्रहात पडून राहिलेली रॉक गाणी शोधायची, तर दोन वाटा आहेत: सगळं शफलवर टाकायचं, म्हणजे प्लेअरला हवी ती गाणी उलटसुलट क्रमाने वाजवू द्यायची, किंवा एकेक अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकायचा.

शफल हे आळशाचं काम, पण त्यात गंमत आहे. पिंक फ्लॉइडचा 'मेडल' (१९७१) बहुतेक जण लावतात तो रेकॉर्डची दुसरी बाजू अख्खी व्यापणाऱ्या 'एकोज'साठी. पहिल्या बाजूवरचं 'फिअरलेस' राहूनच जातं. शफलवर ते एकटं समोर आलं, की ती निवांत गिटार आणि शेवटी मिसळलेलं लिव्हरपूलच्या फुटबॉल प्रेक्षकांचं समूहगान नीट कानात भरतं.

बीटल्सच्या 'ॲबी रोड'चं (१९६९) मात्र शफल पार वाटोळं करतं. दुसऱ्या बाजूवरची छोटी गाणी एकमेकांत ओवलेली. 'पॉलिथीन पॅम' ऐन रंगात तुटतं आणि भलत्याच बँडचे ड्रम्स सुरू होतात! डबल अल्बमलाही, म्हणजे दोन रेकॉर्ड आणि चार बाजूंच्या अल्बमलाही, क्रमच हवा. लेड झेपेलिनच्या 'फिजिकल ग्राफिटी'त (१९७५) दुसरी बाजू 'काश्मीर'वर संपते. तिथेच उठणाऱ्याला तिसऱ्या बाजूच्या टोकाचं 'टेन इयर्स गॉन' भेटणार कसं?

माझा कौल अल्बमला. वेळ जातो, अधूनमधून भरताडही सोसावं लागतं, पण गाणं का मागे पडलं तेही कळतं. बसच्या प्रवासात शफल चालेल. फक्त प्लेअरमध्ये प्ले काउंट (गाणं किती वेळा वाजलं तो आकडा) शून्य असलेल्या गाण्यांची वेगळी यादी करा आणि तेवढीच फिरवा.