स्नॅप-२५ मागवताना : ई. कोलाय की एचईके?

प्रयोगासाठी मानवी स्नॅप-२५ (चेतापेशींतलं एक प्रथिन) विकत घ्यायचं ठरलं की कॅटलॉगमध्ये पहिला पेच हाच पडतो: ई. कोलाय जिवाणूत बनवलेलं घ्यायचं, की एचईके-२९३ या मानवी पेशींत बनवलेलं? एचईके-२९३ पेशींतलं महाग, म्हणजे तेच चांगलं असणार, असं वाटतं. या प्रथिनाच्या बाबतीत मी बहुतेकदा ई. कोलायचंच सुचवेन.

कारण २०६ अमिनो आम्लांचं हे प्रथिन एकटं असताना बरंचसं घडीविनाच असतं. सिंटॅक्सिन आणि सिनॅप्टोब्रेविन ही जोडीदार प्रथिनं भेटली की मगच ते त्यांच्याबरोबर चार पेडांच्या पिळात बसतं, आणि या पिळाच्या ओढीनेच पुटिका (संदेशद्रव्याची सूक्ष्म पिशवी) चेतापेशीच्या पटलात मिसळते. त्यामुळे जिवाणूत घडी चुकेल ही धास्ती इथे फारशी नाही. जिवाणूला जमत नाही ते एवढंच, की मधल्या भागातल्या चार सिस्टीनवर पामिटिक आम्ल चढवणं. प्रथिन पटलाला धरून राहतं ते याच्या जोरावर. तुमचा प्रयोग नेमका त्यावरच असेल तर एचईके घ्या, पण मास स्पेक्ट्रोमेट्रीचा (रेणूचं वस्तुमान मोजणाऱ्या चाचणीचा) पुरावा मागा. सस्तन पेशीत बनलेल्या प्रत्येक रेणूवर ते चढलेलं असतंच असं नाही. जिवाणूतल्या मालात हे सिस्टीन उघडे राहतात आणि रेणू आपसात जोडले जातात, म्हणून बफरमध्ये हे जोड तोडणारं डीटीटी किंवा टीसेप हवं.

माझ्या मते खरा घोळ टॅगचा, म्हणजे शुद्धीकरणासाठी प्रथिनाला जोडलेल्या शेपटाचा. बोटुलिनम ए विष स्नॅप-२५ची शेवटची ९ अमिनो आम्लं छाटतं, म्हणजे जेमतेम १ किलोडाल्टन. जीएसटी हे टॅग म्हणून जोडलं जाणारं प्रथिन स्वतःच सुमारे २६ किलोडाल्टनचं. ते जोडलं की जेलवरची पट्टी ५० किलोडाल्टनच्या आसपास जाते आणि एवढासा फरक साध्या जेलवर शोधत बसावं लागतं. शिवाय जीएसटी जोडीने राहतं, त्यामुळे पीळ बनण्याच्या प्रयोगात लुडबूड करू शकतं. सुरुवातीच्या टोकाला हिस-टॅग (हिस्टिडीनची छोटी साखळी) असलेलं घेतलंत तर सुटसुटीत. तोच शेवटच्या टोकाला असला तर छाटणीबरोबर निघून जातो. वेस्टर्न ब्लॉटमध्ये (अँटिबॉडीने प्रथिन ओळखण्याच्या चाचणीत) हिसचा सिग्नल नाहीसा होताना पाहायचा असेल तर मात्र तोच सोयीचा. विषाचा प्रयोग असेल तर बफरमध्ये धातू बांधून ठेवणारं ईडीटीए नको, कारण हे विष म्हणजे जस्तावर चालणारं विकर आहे.

एंडोटॉक्सिनची (ई. कोलायच्या आवरणातल्या विषारी द्रव्याची) चिंता पेशींवर ओतणाऱ्यांनी करावी. पण पेशीच्या आत काम करणारं प्रथिन बाहेरून ओतून काय साधायचं?

स्नॅप-२५चा प्रकार ए की बी हेही माहितीपत्रकात बघा. दोन्हींत ९ अमिनो आम्लांचा फरक आहे, आणि प्रौढ मेंदूत मुख्यतः बी असतं.