कोथरूडचा खो-खोचा वर्ग: नव्या गावात आलेल्या मुलांसाठी

बदली होऊन पुण्यात आला असाल, आणि मूल शाळेतून आल्यावर "मला नाही जायचं खाली" म्हणून गॅलरीतच उभं राहत असेल, तर कोथरूडमध्ये आमच्या घराजवळच्या मैदानावर संध्याकाळी भरणारा खो-खोचा वर्ग मी मनापासून सुचवेन. माझी सहावीतली मुलगी आणि तिसरीतला मुलगा, दोघंही तिथे जातात. खेळात ती कुठवर जातील ते पुढे बघू. नव्या गावात रुळायला या वर्गाचा काय उपयोग होतो, तेवढंच लिहिते.

आम्ही बडोद्याचे मराठी. घरात मराठी, गल्लीत गुजराती, शाळा इंग्रजी माध्यमाची. इथे मुलांना अनुदानित शाळेत सेमी-इंग्रजीला घातलं. शाळेचं फार लांबवत नाही, पण एक गोष्ट सगळ्या पालकांना माहीत असायला हवी. आधी चौकशी केलेल्या एका शाळेच्या ऑफिसात "जुन्या शाळेचा दाखला आल्याशिवाय फॉर्म घेणार नाही" असं ऐकवलं. शिक्षण हक्क कायदा, २००९, यातलं कलम ५ नेमकं उलट सांगतं: दाखल्याला उशीर झाला म्हणून सरकारी किंवा अनुदानित शाळेला प्रवेश नाकारता येत नाही की लांबवता येत नाही. हा कायदा आठवीपर्यंत लागू आहे. कलमाची प्रत सोबत ठेवा, बोलणं सोपं जातं.

प्रवेश झाला, तरी मुलगी वर्गात गप्पच. गणित-विज्ञान इंग्रजीत, त्यामुळे तिथे काही अडलं नाही. पण इतिहासाचा मराठीतला धडा मोठ्याने वाचताना ती अडखळली, मागच्या बाकावरून कोणीतरी हसलं, आणि तेव्हापासून तिने हात वर करणंच सोडलं. धाकट्याचं दुखणं वेगळं. त्याला क्रिकेटची आवड, म्हणून आधी एका क्रिकेट कोचिंगला घातला होता. शिकवणं वाईट नव्हतं. पण तिथे नवा मुलगा म्हणजे सीमारेषेवरचा मुलगा. चेंडू आला तर आला. बॅटिंगची पाळी जवळ येईपर्यंत अंधार पडायचा आणि तो कोणाशी एक शब्द न बोलता घरी यायचा.

खो-खोत असं होऊच शकत नाही, आणि याचं कारण खेळाच्या नियमांतच आहे. आठ जण पाटीवर, म्हणजे मधल्या रेषेवर आखलेल्या चौकोनांत बसतात, एकाआड एक विरुद्ध दिशेला तोंड करून. नववा समोरच्या संघाच्या गड्यांना बाद करायला धावतो. त्याला मधली रेषा ओलांडता येत नाही, आणि एकदा दिशा धरली की खांबापर्यंत मागे वळता येत नाही. त्यामुळे धावणारा कितीही चपळ असो, बसलेल्यांना खो दिल्याशिवाय त्याचं काम होत नाही. समोरचा गडी नव्या मुलाच्या बाजूने पळाला, तर खो त्यालाच द्यावा लागतो. तो आवडतो की नाही, त्याचं नाव काय, याचा विचार करायला वेळच नसतो. मागून हात लावायचा, मोठ्याने "खो" म्हणायचं, की तो उठून धावलाच पाहिजे. माझ्या मुलीला पहिल्या आठवड्यात एकाही मुलीचं नाव माहीत नव्हतं, तरी ती संपूर्ण डाव खेळत होती.

वर्गाचं खरं कौतुक यापुढे आहे. तिथले सर नव्या मुलाला कधीही टोकाच्या पाटीवर बसवत नाहीत. खांबाजवळचं काम अवघड, तिथे चूक झाली की सगळे ओरडतात. नवा मुलगा मध्यावर बसतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंना जुनी, समजूतदार मुलं. पळायची वेळ येते तेव्हा गडी तिघातिघांच्या तुकडीने आत जातात. नव्याच्या तुकडीत एक मोठी ताई किंवा दादा हमखास असतो, आणि हुलकावणी कशी द्यायची ते तोच दाखवतो. सर स्वतः कमी बोलतात. नवीन आलेल्याला सगळ्यांसमोर उभं करून "नाव सांग, कुठून आलास सांग" हा प्रकारच नाही. ज्या मुलीचा आवाज शाळेच्या वर्गात गेला होता, तिच्यासाठी ही फार मोठी सुटका होती.

धाकटा सुरुवातीला पाटीवर बसायलाच तयार नव्हता. सरांनी आग्रह केला नाही, फक्कीचं डबडं त्याच्या हातात दिलं. मैदानाच्या रेषा मारायचं काम त्याचं. मोठी मुलं "ए, इकडची रेघ पुसली रे" म्हणून त्याला हाका मारू लागली, आणि रेषा मारता मारता कधी तो आत बसला ते मला कळलंही नाही, कारण पालकांना फाटकाच्या आत थांबू देत नाहीत. या नियमाचा मला आधी राग आला होता. आता पटतो. आई दिसत असली की मूल तिच्याकडेच बघत राहतं.

मुलं घरी येऊन खेळाबद्दलच बोलतात. २०२५ च्या जानेवारीत दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला, भारताच्या महिला आणि पुरुष दोन्ही संघांनी तो जिंकला. प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर हे दोघे कर्णधार पुण्यात खेळून मोठे झालेले, म्हणून इथल्या मुलांना ते घरचेच वाटतात. माझी मुलगीही आता "आपली प्रियांकाताई" म्हणते. पुण्यातल्या कोणाला तरी तिने "आपलं" म्हटलं, याचा मला झालेला आनंद शब्दांत नीट मांडता येत नाही.

उणिवाही सांगते. मैदानावर मुलींसाठी स्वच्छतागृह नाही; जवळच्या ओळखीच्या घरी जावं लागतं, आणि हे चालवून घेण्यासारखं नाही. पावसाळ्यात चिखल झाला की वर्ग बंद, आणि निरोप अगदी ऐनवेळी व्हॉट्सॲपवर. गुडघे-कोपरं सोलवटतात. सूर मारायला शिकवतात तेव्हा तर फारच, म्हणून गुडघ्याच्या पट्ट्या आधीच घेऊन ठेवा. जिल्ह्याच्या निवड चाचण्या जवळ आल्या की सरांचं सगळं लक्ष मोठ्या मुलांच्या संघाकडे, आणि लहानांचा सराव ताई-दादांच्या भरवशावर. फी महिन्याला ३०० रुपये आहे, त्या मानाने तक्रार करवत नाही, पण मुलींच्या सोयीचं मात्र मी बोलत राहणार.

कधी घालावं? जमत असेल तर मेमधल्या उन्हाळी शिबिरालाच. बऱ्याच बदल्या एप्रिल-मेमध्ये होतात आणि शाळा जूनच्या मध्याला उघडते. आसपासच्या शाळांतली मुलं शिबिराला असतात, म्हणजे पहिल्या दिवशी शाळेच्या रांगेत निदान एक चेहरा ओळखीचा असतो. आमच्या मुलांना हे मिळालं नाही, कारण आम्ही शाळा सुरू झाल्यावर आलो. तेव्हा जागा होती म्हणून घेतलं. दिवाळीनंतर मात्र नवीन प्रवेश बंद असतो, जूनची वाट पाहा म्हणतात. बदली काही कॅलेंडर बघून येत नाही. डिसेंबरात आलेल्या मुलाने सहा महिने गॅलरीत उभं राहायचं का? वर्षभर दोन-चार जागा अशा मुलांसाठी मोकळ्या ठेवा, असं मी सरांना सांगितलं आहे. वर्ग चालवणाऱ्या मंडळाच्या बैठकीत विषय काढतो म्हणालेत.