उघड्यावर उभी पद्मिनी, तीन आच्छादनं आणि आरशाचे ते कान: वर्षभराच्या वापरानंतर

गाडीवर घालायच्या माझ्या पहिल्या कव्हरवर ठळक छापलं होतं: शंभर टक्के वॉटरप्रूफ, यूव्ही प्रोटेक्शन, एक वर्षाची वॉरंटी. वर्ष पुरं व्हायच्या आत आतला चंदेरी लेप सुटायला लागला आणि त्याचे तुकडे गाडीच्या टपावर चिकटून बसले. फोटो पाठवले, बिल पाठवलं. कंपनीचं उत्तर आलं की उन्हामुळे झालेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही. गाडीचं कव्हर उन्हात वापरायचं नसेल तर वापरायचं कुठे, हे मी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा तेच वाक्य वाचून दाखवलं आणि पुढच्या खरेदीवर दहा टक्के सूट देऊ केली. ती मी घेतली नाही. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करायला फी लागत नाही, त्यामुळे रक्कम लहान आहे म्हणून गप्प बसू नका. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण माझं मुख्य गाऱ्हाणं लेपाचं नाहीच.

गाडी १९८६ ची प्रीमियर पद्मिनी, बाबांनी घेतलेली. १०८९ सीसी, कार्ब्युरेटर, स्टिअरिंगवरचा गिअर. हे सगळ्यांना पाठ आहे. कोथरूडमधली आमची सोसायटी पुनर्विकासाला गेली आणि तिच्याबरोबर बंद गॅरेजही गेलं. भाड्याच्या जागेत मिळालं ते उघडं पार्किंग. भिंतीलगत, डोक्यावर गुलमोहर आणि पलीकडच्या प्लॉटवर बांधकाम. पत्र्याची शेड घालू का, असं तिथल्या सोसायटीला विचारून झालं. नाही म्हणाले, आणि ते नियमाला धरूनच होतं. या गाड्यांचं उत्पादन २००० च्या सुमारास थांबलं, त्यामुळे आज पत्रा सडला तर नवा पार्ट मिळत नाही, कापून जोडकाम करावं लागतं. त्यातच पुढच्या वर्षी पुनर्नोंदणीसाठी गाडी आरटीओत दाखवायची आहे. म्हणून गंजाच्या बाबतीत मी हलगर्जीपणा चालवून घेत नाही.

पहिलं कव्हर मार्चमध्ये घेतलं, २,८९९ रुपयांना. उन्हाळाभर मी त्यावर खूष होतो. मार्च ते मे पुण्याचं ऊन जुन्या गाडीला फार छळतं. काचेभोवतीचं रबरी बिडिंग कडक होऊन तडकतं, डॅशबोर्ड उकलतो, जुना डुको रंग पांढुरका पडतो. हे सगळं थांबलं. बांधकामाची सिमेंटची धूळ थेट रंगावर बसायची थांबली, आणि ती मोठीच गोष्ट आहे, कारण त्या धुळीवर दव पडलं की ती रंगाला चिकटून बसते आणि पुसायला गेलं की ओरखडे उठतात. गुलमोहराची बारीक पानं वायपरखालच्या जाळीत जाऊन पाण्याची भोकं बुजवतात, तेही बंद झालं. मे महिन्यात कोणी विचारलं असतं तर पाचपैकी साडेचार दिले असते.

मग वळवाचे वारे सुटले आणि कानांचा त्रास सुरू झाला.

कान म्हणजे मिरर पॉकेट. बाजारातली तयार कव्हरं आजच्या सेडान गाड्यांच्या मापानं बेततात आणि दोन्ही बाजूंना आरशांसाठी पिशव्या शिवतात. माझ्या पद्मिनीला आरसा एकच, ड्रायव्हरच्या दारावर, लहान आणि गोल. डाव्या बाजूला काहीच नाही. त्यातून या गाडीची लांबी ३.९ मीटरच्या आसपास, रुंदी दीड मीटरही नाही, तर कव्हर तिच्यापेक्षा हातभर मोठं. म्हणजे डावा कान रिकामा लोंबतो आणि उजवा आरशापर्यंत पोचतच नाही, मागच्या दाराच्या हँडलवर जाऊन पडतो. वारा आला की दोन्ही कान पत्र्यावर फडफड आपटतात. कापड मऊ असेल, पण कापड आणि रंग यांच्यामध्ये पुण्याची धूळ असते. जूनच्या आत डाव्या दारावर कानाच्या मापाचा अर्धगोल डाग उमटला. तिरप्या उजेडात जवळून पाहिलं तर त्यात एकाच दिशेच्या बारीक रेघा दिसतात, शेकड्यांनी. तेवढीच जागा निस्तेज आहे, बाकी दार चकाकतं.

पावसात तर कान उलटा होऊन वाटीसारखा भरतो. भरला की त्याचं वजन अख्खं कव्हर त्या बाजूला ओढतं. शिलाई साध्या दोऱ्याची, सुईची भोकं आतून टेप लावून बंद केलेली नाहीत. वाटीतलं पाणी त्या भोकांतून थेंब थेंब गळत राहतं, पाऊस थांबल्यावरही, आणि बरोबर त्या छोट्या त्रिकोणी काचेच्या बिडिंगवर. तिथलं रबर चाळीस वर्षांचं. पाणी दारात उतरतं. दाराच्या तळाला ते बाहेर पडायला भोकं असतात, पण ती मोकळी असली तरच.

मी कान आत ढकलून चिमटे लावले, वाऱ्यानं काढले. दोरी बांधली, तर ताणानं शिलाई उसवायला लागली. शिंप्याकडे नेऊन कान कापून ठिगळ लावलं, तर नव्या शिलाईतून जास्त गळायला लागलं. बिनकानाचं कव्हर द्या म्हणून विक्रेत्याला कळवलं. असा पर्याय नाही म्हणाले. चारशे रुपयांची जास्तीची शिलाई मी आनंदानं दिली असती. आरसाच नसलेल्या जागी पिशवी शिवून ती ग्राहकाच्या गळ्यात मारायची, हे मला आजही पटत नाही.

जुलैत माझं मत पार बदललं, आणि ते कानांमुळे नव्हे. पुण्याचा पाऊस मुंबईच्या मानानं काहीच नाही, वर्षाला साधारण ७०० ते ७५० मिलिमीटर. मुंबईत दोन हजारांच्या वर पडतो. पण आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये दिवसचे दिवस रिपरिप असते, ऊन म्हणून दिसत नाही, हवा ओलीच्या ओली. वॉटरप्रूफ कापड वरचं पाणी अडवतं, तसंच खालची वाफही अडवतं. पेव्हर ब्लॉकखालची माती ओली असते, तिची वाफ गाडीखालून वर येते आणि कव्हरखाली कोंडते. रात्री पत्रा गार पडला की तिचं पाणी होतं. पाऊस न पडलेल्या एका दिवशी सकाळी मी बोनेटवरून कव्हराखाली हात फिरवला, तर तळवा निथळत बाहेर आला. लोखंडाला गंजायला पाणी आणि हवेतला ऑक्सिजन एवढंच पुरतं, आणि हे कव्हर दोन्ही एका जागी धरून ठेवत होतं.

ऑक्टोबरमध्ये ड्रायव्हरच्या पायाखालची रबरी मॅट उचलली. खालचं ज्यूटचं अस्तर काळं पडलेलं, कुबट वासाचं. अंगठा दाबला तर कडेनं पाणी आलं. अस्तर सोलून काढल्यावर पत्र्यावर तांबूस फोड दिसले, स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकानं टोचले तर दोन ठिकाणी पापुद्रा निघाला. आरपार भोक नव्हतं, हे नशीब. बाबांच्या वेळेपासूनचे मेस्त्री आहेत, त्यांना बोलावून दाखवलं. ते म्हणाले, "साहेब, एवढी गुंडाळून कशाला ठेवलीत? वरून झाका, बाजूनं उघडी राहू द्या. वारा लागला पाहिजे गाडीला." त्यांनी पत्रा घासला, गंज रोखणारा रेड ऑक्साइडचा हात मारला, वर अंडरकोट दिला. अस्तर मी परत टाकलंच नाही. आवाज थोडा जास्त येतो, येऊ दे.

दुसरं कव्हर एका ओळखीच्या माणसाकडून २,४०० ला घेतलं. हे हवा खेळणारं, न विणलेल्या कापडाच्या थरांचं. ज्यानं वॉटरप्रूफ वापरलंय त्याला हे बघून धसका बसतो, कारण जोराच्या सरीत पाणी चक्क आत जातं. परतीच्या पावसात पहिल्यांदा गाडी ओली पाहिली तेव्हा पैसे वाया गेले असंच वाटलं. पण दुपारी दोन तास ऊन पडलं आणि कव्हरही कोरडं, गाडीही कोरडी. भिजून लगेच वाळणं हे कमी भिजून आठवडाभर ओलं राहण्यापेक्षा चांगलं, याबद्दल आता माझ्या मनात शंका नाही. आतली बाजूही पहिल्यापेक्षा मऊ. पण त्यालाही दोन कान होतेच. शिवाय ऊन त्याला सोसत नाही, हिवाळा संपेपर्यंत वरचा थर पिंजल्यागत झाला. लक्ष्मीपूजनाच्या रात्री कुठूनसा जळता तुकडा येऊन पडला आणि रुपयाएवढं भोक पडलं. ही सगळी कापडं मुळात प्लॅस्टिकचीच, ठिणगी पडली की वितळतात आणि वितळलेलं रंगावर चिकटतं. दिवाळीचे चार दिवस गाडी उघडी ठेवून रोज सकाळी राख पाण्यानं धुतलेली बरी.

आता ज्यासाठी हे सगळं लिहितोय ते. मेस्त्रींचं म्हणणं डोक्यात होतंच. रविवार पेठेत बोहरी आळीत जाऊन मेण दिलेल्या जाड सुती कॅनव्हासची ताडपत्री शिवून घेतली. सोळा फूट लांब, सात फूट रुंद, कडेनं दुमड घालून पितळी रिंगा. कापड, शिलाई, रिंगा, सुती दोरी धरून ३,६०० रुपये. दुकानदार आधी प्लॅस्टिकची निळी ताडपत्री घ्या म्हणत होते, निम्म्याहून कमी पैशांत. ती मी मुद्दाम टाळली, कारण ती कडक असते, वाऱ्यात वाजते आणि रंग घासते.

माळ्यावर बाबांच्या काळातलं टपावरचं कॅरिअर पडून होतं. ते गाडीवर चढवलं, पायांखाली सायकलच्या ट्यूबचे तुकडे घातले, मधोमध लांबीला एक बांबू बांधला आणि त्यावर कॅनव्हास टाकला. बांबू आढ्याचं काम करतो, पाणी दोन्ही बाजूंना उतरतं, कुठे साचत नाही. टप आणि कापड यांच्यात वीतभर मोकळी जागा राहते. पुढे-मागे ते बंपरपर्यंत येतं, बाजूंना काचांच्या खालच्या कडेपर्यंत. दारं उघडी. दोऱ्या बंपरला आणि चाकांच्या रिमला बांधतो. बोनेट आणि डिकीवर कापड टेकतं तिथे आतून होजिअरीचं अस्तर लावून घेतलंय. कान नाहीत!

हिवाळ्यातल्या दवाच्या सकाळी कॅनव्हास वरून ओला आणि टप खडखडीत कोरडा असतो. यंदाचा पहिला पाऊसही त्यानं नीट झेलला. तिरप्या सरीत दारं भिजतात, पण तासाभरात वाऱ्यानं वाळतात. मॅटखाली दर आठवड्याला हात घालून बघतो, अजून कोरडं आहे. दोष सांगायचे तर कापड जड आहे, ओलं झाल्यावर एकट्याला उचलत नाही. सुरुवातीला मेणाचा वास येतो. गाडीच्या उघड्या बाजूंवर धूळ बसते, ती भरपूर पाणी ओतून मगच पुसायची, कोरडा फडका अजिबात नको. आणि दर वर्षी जूनच्या आधी कापडाला मेणाचा हात द्यावा लागेल.

बाकीचं थोडक्यात. हँडब्रेक लावून ठेवू नका, ब्रेकचा लायनर ड्रमला चिकटतो. चाकांना ठोकळे लावा. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेवा. बंद गाडीतही व्होल्टेज बघत जा, पूर्ण भरलेली बॅटरी १२.६ च्या आसपास दाखवते, १२ च्या खाली गेली की तिचं आयुष्य घटतं. जागेवर पाच मिनिटं इंजिन चालू करून बंद करण्यानं नुकसानच होतं, कारण पेट्रोल जळताना पाणीही तयार होतं आणि ते सायलेन्सरमध्ये साचतं. मी रविवारी सकाळी पाषाणपर्यंत चक्कर मारून आणतो, इंजिन पूर्ण तापेपर्यंत. हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं, ते ओल धरतं आणि जुन्या रबरी नळ्या फुगवतं. नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या घातल्या आहेत आणि पावसाळ्यात टाकी भरलेली ठेवतो, म्हणजे आत दव धरायला जागा कमी. उंदरांसाठी बोनेटखाली डांबर गोळ्यांची पुरचुंडी असते. कव्हर जमिनीपर्यंत असताना आत घरटं झालं होतं. बाजू उघड्या ठेवल्यापासून उंदीर दिसलेले नाहीत.

गाडी रस्त्याकडेला लावत असाल तर हा उपाय जमणार नाही, ताडपत्री आणि दोऱ्या तिथे टिकणार नाहीत. तुम्ही हवा खेळणारं कव्हर घ्या, एक माप लहानच, आणि वापरायच्या आधीच कान उसवून त्याच कापडाचं ठिगळ आतून मारून घ्या. हवा खेळणाऱ्या कापडात शिलाईतून गळण्याची फिकीर नसते, त्यामुळे वॉटरप्रूफला जे जमलं नाही ते इथे जमतं. माझ्या दुसऱ्या कव्हरवर शिंप्यानं ऐंशी रुपयांत करून दिलं. पावसाळ्यात उघडीप दिसली की ते काढून कंपाउंडवर वाळत टाकायचं आणि चारही दारं तासभर उघडी ठेवायची.