चित्राभोवती वळणारी अक्षरं: पाथवर लिहावं की वार्प वापरावं?

इलस्ट्रेटर या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये चित्राभोवती मजकूर वळवायचे दोन प्रमुख रस्ते आहेत: ‘टाइप ऑन अ पाथ’, म्हणजे आखलेल्या रेषेवर (पाथवर) लिहिणं, आणि मजकुराचा आकार वाकवणाऱ्या ‘वार्प’ इफेक्टमधला ‘आर्क’ (कमान).

पाथवर प्रत्येक अक्षर स्वतंत्रपणे फिरतं, त्याचा आकार बदलत नाही. रोमन लिपीला हे शोभतं. देवनागरीत मात्र वळण तीव्र झालं की शिरोरेखा तुटते. दोन अक्षरांच्या माथ्यांमध्ये फट दिसते आणि सलग शब्द सुटासुटा वाटतो. मोठी त्रिज्या आणि लहान अक्षरं घेतली तर हे बरंच झाकतं. अक्षरांमधलं अंतर वाढवणं तर देवनागरीत टाळायलाच हवं, कारण त्याने रेघ आणखी तुटते.

आर्क अख्खी ओळ एकत्र वाकवतो. शिरोरेखा अखंड कमानीसारखी वळते, आणि मराठी शीर्षकासाठी मला तीच सर्वांत सुंदर वाटते. मजकूर नंतर बदलताही येतो. पण ‘बेंड’ (वाकाचं प्रमाण) वाढवला की अक्षरं वर फाकतात, खाली आवळतात. वेलांट्या-उकार बेढब होतात. म्हणून बेंड कमीच ठेवा.

पूर्ण वर्तुळ किंवा पक्ष्याच्या पाठीसारखी वेडीवाकडी कड असेल तर पाथच हवा. चित्राच्या बाह्यरेषेला ‘ऑफसेट पाथ’ लावा, म्हणजे ठरावीक अंतरावर तशीच नवी रेषा तयार होते, आणि त्या नव्या रेषेवर लिहा. अंतर सगळीकडे सारखं राहतं. इंकस्केप या मोफत सॉफ्टवेअरमध्ये पाथवर लिहायचं काम ‘पुट ऑन पाथ’ करतं.

मराठी शीर्षकाला आर्क, चित्राला वळसा घालणाऱ्या बारीक ओळीला पाथ, ही माझी निवड.