बेसबॉल-रेफरन्स: एप्रिलचे जुने सामने पुण्यात बसून वाचायचे तर

आपल्याकडे परीक्षा उरकून मैदानावर उन्हाळी शिबिरांची आखणी सुरू होते, त्याच सुमाराला अमेरिकेत बेसबॉलचा मोसम उघडतो. मग जुन्या ‘ओपनिंग डे’च्या क्लिपा फोनवर फिरू लागतात. क्लिपमध्ये होमरन दिसतो, सामना दिसत नाही. सामना पाहायचा तर बॉक्सस्कोअरच, म्हणजे सामन्याचा आकडेवार तक्ता, उघडावा लागतो आणि त्यासाठी 2000 पासून चालू असलेली बेसबॉल-रेफरन्स ही साइट अजूनही पहिल्या नंबरावर आहे. बॉक्सस्कोअर पाहायला लॉगिन नको, पैसे नकोत. जुन्या सामन्यांचा बराचसा साठा रेट्रोशीट या स्वयंसेवकांच्या संस्थेने जमवलेला आहे.

सामना शोधायची सरळ वाट अशी: ‘सीझन्स’, मग वर्ष, मग संघ, मग ‘शेड्यूल अँड रिझल्ट्स’ आणि त्या तारखेसमोरचा ‘बॉक्सस्कोअर’. जवळची वाट वेब-पत्त्यातून जाते. यजमान संघाची तीन अक्षरं, वर्ष-महिना-दिवस आणि शेवटी शून्य. एका दिवशी दोन सामने असतील तर शून्याऐवजी 1 किंवा 2. ‘एटीएल197404080’ म्हणजे 8 एप्रिल 1974, अटलांटा: हँक एरनचा 715 वा, बेब रूथचा 714 चा विक्रम मोडणारा होमरन. गोची होते ती दोन-दोन संघ असलेल्या शहरांत. शिकागोचं ‘सीएचआय’ चालत नाही. कब्जसाठी सीएचएन, व्हाइट सॉक्ससाठी सीएचए. यँकीज एनवायए, मेट्स एनवायएन. शेवटचं अक्षर लीगचं (ए अमेरिकन, एन नॅशनल), एवढं लक्षात ठेवलं की काम भागतं.

तारीख तिथली असते, हेही विसरू नये. एरनने अल डाउनिंगला चौथ्या इनिंगमध्ये तो होमरन मारला तेव्हा पुण्यात 9 एप्रिल उजाडला होता. रूथशी बरोबरी साधणारा 714 वा त्याआधी 4 एप्रिलला, सिनसिनाटीत, मोसमातल्या पहिल्याच स्विंगवर.

आता साइटचा खरा कस. 15 एप्रिल 1947, ब्रुकलिन, एबेट्स फील्ड. आधुनिक मेजर लीगमधला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू जॅकी रॉबिन्सन याचा डॉजर्सकडून पहिला सामना. त्याची ओळ वाचा: एबी (ॲट बॅट, मोजलेल्या फलंदाजीच्या पाळ्या) 3, आर (रन) 1, एच (हिट) 0. क्रिकेटच्या सवयीने आपण याला भोपळा म्हणून मोकळे होऊ. पण खाली प्ले-बाय-प्लेमध्ये, म्हणजे सामन्याच्या क्रमवार तपशिलात, सातव्या इनिंगला जा. डॉजर्स 2-3 ने मागे. स्टँकीला वॉक (चार बॉलवर फुकटचा फर्स्ट बेस). रॉबिन्सन बंट करतो, म्हणजे बॅट न फिरवता चेंडू हळूच जवळ टाकतो, बोस्टनचा फर्स्ट बेसमन टॉर्गसन चेंडू उचलतो आणि थ्रो फसतो. आउट कुणीच नाही, रॉबिन्सन सेकंडवर. पुढच्या रायझरच्या डबलवर (दोन बेसच्या फटक्यावर) दोघेही घरी. आघाडीचा रन रॉबिन्सनचा, सामना 5-3. सॅक्रिफाइस बंट (पुढच्या धावपटूला सरकवण्यासाठीचा बंट) एबीमध्ये मोजत नाहीत, म्हणून तो 3 च्या आकड्यात दिसतच नाही. वरचा तक्ता आणि खालचा तपशील जोडून वाचायची सवय लागते ती अशा सामन्यांनी. पुण्यात सॉफ्टबॉल-बेसबॉलचं स्कोअरिंग शिकणाऱ्या मुलांना पहिला धडा म्हणून हेच पान द्यावं.

दुसरा धडा क्लीव्हलंडचा पिचर बॉब फेलर याचा. 16 एप्रिल 1940, शिकागो, क्लीव्हलंड 1-0. ओपनिंग डेचा नो-हिटर, म्हणजे समोरच्यांना एकही हिट नाही: 8 स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद), 5 वॉक. मोसमाचा पहिलाच सामना, त्यामुळे व्हाइट सॉक्सच्या प्रत्येक बॅटरची सरासरी सामन्याआधी शून्य आणि नंतरही शून्य. हा विनोद आकड्यांतच कळतो. शेवटचा आउट सेकंड बेसमन मॅककडून फर्स्टला, स्कोअरशीटवर 4-3 (सेकंड बेसमनचा क्रमांक 4, फर्स्टचा 3).

एप्रिलचे आकडे फसवतात, हे साइट स्वतःहून सांगत नाही. 4 एप्रिल 1994 ला कब्जच्या टफी रोड्सने मेट्सच्या ड्वाइट गुडनला तीन होमरन मारले. त्याच्या करिअरचं पान उघडा: त्या वर्षी एकूण 8, मेजर लीगमध्ये आयुष्यभरात 13. आणि त्या दिवशी कब्ज हरले, 8-12. पुढे जपानमध्ये त्याने 464 मारले, तो आकडा मेजर लीगबाहेरच्या नोंदींच्या ‘रजिस्टर’ विभागात सापडतो. जपानी सामन्यांचे बॉक्सस्कोअर मात्र इथे नाहीत. त्यामुळे जपानी पिचर रोकी सासाकीचा 10 एप्रिल 2022 चा परफेक्ट गेम (एकही बॅटर बेसवर न पोचलेला सामना), 19 स्ट्राइकआउट, त्यातले 13 सलग, इथे शोधू नका.

प्रत्येक पिचचा हिशेब साधारण 1988 पासून मिळतो. जसजसं मागे जावं तसा तपशील विरळ होतो. 29 मार्च 2025 चा यँकीज-ब्रूअर्स सामना या बाबतीत चैनीचा. पहिल्या तीन ओळींत, पिचच्या रकान्यात, तिन्ही वेळा ‘1’ आणि पुढे 0-0 (आधीचे बॉल-स्ट्राइक): ब्रूअर्सच्या नेस्टर कोर्टेसच्या पहिल्या तीन पिचवर तीन होमरन, गोल्डश्मिट, बेलिंजर, जज. त्या दिवसापासून टॉर्पेडो बॅटचा (टोकाऐवजी मध्याकडे जाड असलेल्या बॅटचा) गाजावाजा झाला, पण कुणाच्या हातात कुठली बॅट होती याला बॉक्सस्कोअरमध्ये रकाना नाही. त्या सामन्यात तीन होमरन मारणारा जज साध्या बॅटनेच खेळला होता.

प्रेक्षकसंख्या असते, आणि ती वाचावी. 29 एप्रिल 1986 ला बोस्टनचा पिचर रॉजर क्लेमन्सने 20 स्ट्राइकआउट घेतले, एकही वॉक न देता. बोस्टनच्या फेनवे पार्क मैदानात माणसं होती 13,414.

मोबाइलवर साइट त्रासदायकच. जाहिराती मध्ये घुसतात, तक्त्याचे उजवीकडचे रकाने कापले जातात. फोन आडवा धरा किंवा ब्राउझरमध्ये डेस्कटॉप साइट लावा. छापायचं असेल तर अख्खं पान थेट छापू नका, जाहिराती आणि याद्यांसकट कागद वाया जातो. तक्त्यावरच्या ‘शेअर अँड एक्सपोर्ट’मधून सीएसव्ही (स्वल्पविरामांनी तोडलेला साधा तक्ता) घ्या, शीटमध्ये चिकटवा, ए4 आडवा ठेवा. मग अप्पा बळवंत चौकात हव्या तेवढ्या झेरॉक्स काढा. प्ले-बाय-प्लेचा तक्ता वेगळा एक्सपोर्ट करावा लागतो. तो विसरला तर रॉबिन्सनचा बंट कागदावर येणारच नाही.

‘स्टॅटहेड’ ही शोधयंत्रणा पैसे भरून मिळते. ‘एप्रिलमध्ये तीन होमरन मारणारे सगळे’ असले प्रश्न विचारायचे असतील तरच घ्यावी. एकेक सामना वाचणाऱ्याला फुकटचा भाग पुरून उरतो.