छतावरचा फलक कुणाचा? पोर्टलंड आणि बॉस्टन

अमेरिकेत ओरेगन राज्यातल्या पोर्टलंडचा निऑन फलक १९४० मध्ये साखरेच्या जाहिरातीसाठी चढला. पुढे कपड्यांच्या कंपनीचा झाला, मग दुकानांचा. नावं बदलली, पण उडी मारणारं हरीण टिकलं. नाताळात त्याचं नाक लाल होतं! फलकाला वारसा दर्जा असल्याने अक्षरं बदलायलाही परवानगी लागते. २०१० मध्ये महापालिकेनेच तो ताब्यात घेतला आणि वर शहराचं नाव झळकलं.

बॉस्टनच्या सिटगो या तेल कंपनीच्या फलकाला वारसा दर्जा देण्याचा वारसा आयोगाचा २०१८ मधला कौल मात्र तेव्हाचे महापौर मार्टी वॉल्श यांनी फेटाळला. जागामालक आणि कंपनीत करार झालाय, तेवढं पुरे, ही त्यांची भूमिका होती. पालिकेला खर्च नाही, हे खरं. पण कराराला मुदत असते. मला पोर्टलंडचीच वाट पटते, दुरुस्तीचं बिल पालिकेच्या गळ्यात पडलं तरी.