अँकीवर इंग्रजी शब्दसंग्रह : काही महिने रोज वापरल्यानंतर

इंग्रजी येत होतं. वर्तमानपत्र वाचता यायचं, कामाचे ईमेल लिहिता यायचे, सिनेमा सबटायटलशिवाय चालायचा. अडायचं ते अग्रलेखात, एखाद्या चांगल्या निबंधात, कादंबरीतल्या लांब वर्णनात. तिथेही अर्थ अंदाजाने लागायचाच, पण तोच शब्द स्वतः लिहायची वेळ आली की हात पुन्हा 'व्हेरी इम्पॉर्टंट'कडे वळायचा. अशा अधल्यामधल्या टप्प्यावर असलेल्यांसाठी, अँकी या उजळणीच्या ॲपबद्दल, हे लिहिते आहे. इंग्रजीची नुकती सुरुवात करणाऱ्यांना यातलं फारसं कामाला येणार नाही.

हा टप्पा चिवट का असतो, याचं कारण आकड्यांत आहे. न्यूझीलंडचे भाषाशास्त्रज्ञ पॉल नेशन यांनी 2006 साली एक हिशेब मांडला. कादंबरी किंवा वर्तमानपत्र कुणाच्या मदतीशिवाय वाचायचं, तर त्यातले 98 टक्के शब्द ओळखीचे असायला हवेत, आणि त्यासाठी साधारण 8,000 ते 9,000 शब्दकुटुंबं लागतात. 'डेव्हलप', 'डेव्हलपर', 'डेव्हलपमेंट' मिळून एक कुटुंब. पहिली दोन-तीन हजार कुटुंबं पानोपानी भेटतात, त्यामुळे ती वेगळी पाठ करावी लागत नाहीत. त्यापुढची मात्र क्वचित भेटतात. 'परफंक्टरी' आज एका लेखात दिसला, तर पुन्हा कधी दिसेल याचा नेम नाही, आणि तोवर तो डोक्यातून गेलेला असतो. म्हणजे नुसतं वाचत राहिलं तरी शब्द वाढतात, पण फार हळू. मधल्या काळात तो शब्द कुणीतरी पुन्हा समोर आणून ठेवायला हवा.

अँकी नेमकं तेवढंच करतं. डेमियन एल्म्स यांनी 2006 मध्ये आणलेलं हे सॉफ्टवेअर संगणकावर आणि अँड्रॉइडवर फुकट आहे, आयफोनवर विकत घ्यावं लागतं. कार्ड दिसतं, उत्तर आठवायचं, उलटून बघायचं आणि 'अगेन', 'हार्ड', 'गुड', 'इझी' यांपैकी एक बटण दाबायचं. त्यावरून ते कार्ड पुन्हा कधी दाखवायचं हे ठरतं. आठवलं तर मधलं अंतर वाढत जातं: काही दिवस, मग काही आठवडे, मग काही महिने. विसरण्याचा वेग मोजण्याचे प्रयोग हर्मान एबिंगहाउस यांनी 1885 सालीच प्रसिद्ध केले होते. अँकीने बरीच वर्षं वापरलेलं गणित सुपरमेमो या जुन्या उजळणीच्या सॉफ्टवेअरमधलं, 1987 सालचं होतं. 2023 च्या 23.10 या आवृत्तीपासून एफएसआरएस नावाची नवी पद्धत आत आली आहे. ती सेटिंगमध्ये जाऊन चालू करा. तुमच्याच जुन्या उत्तरांवरून ती अंतरं ठरवते, त्यामुळे पक्की झालेली कार्डं उगाच पुढ्यात येत नाहीत.

दिसायला ॲप अगदी रुक्ष आहे. गुण नाहीत, शाबासकी नाही. मला ते आवडलं. याआधी वापरलेल्या एका ॲपमध्ये (नाव नको) शब्दापेक्षा तिथल्या टाळ्याच जास्त लक्षात राहायच्या.

सेटिंगबद्दल दोनच गोष्टी. रोज 20 नवी कार्डं हा मूळ आकडा अवघड शब्दांसाठी फार आहे. तो तसाच ठेवला तर काही आठवड्यांत रोजची उजळणी दीड-दोनशे कार्डांच्या घरात जाते, आणि मग ॲप उघडायचंच जिवावर येतं. पाच-सात पुरे. दुसरं म्हणजे, 'डिझायर्ड रिटेन्शन' (उजळणीच्या वेळी किती टक्के कार्डं आठवावीत, तो आकडा) 90 टक्क्यांवर आहे ते तिथेच राहू द्या. 97 केलं म्हणून जास्त लक्षात राहील असं वाटतं, पण त्या शेवटच्या काही टक्क्यांसाठी उजळणीचा बोजा बेसुमार वाढतो.

आता कार्डाविषयी. सगळा खेळ इथेच आहे. अँकीवर फुकट मिळणारे तयार डेक, म्हणजे कार्डांचे गठ्ठे, ढिगाने आहेत. त्यातला परीक्षेच्या शब्दांचा एक मी बराच काळ चालवला. पुढे शब्द, मागे एका ओळीचा अर्थ. कार्डं भराभर उडायची. पण आठवण शब्दाची होत नव्हती, कार्डाची होत होती. तोच शब्द लेखात दिसला की ओळखीचा चेहरा आणि नाव आठवत नाही, अशी गत. शिवाय असल्या याद्यांत सारख्या अर्थाचे शब्द एकाखाली एक दिलेले असतात, आणि एकत्र शिकलेले समानार्थी शब्द हमखास एकमेकांच्या पायात येतात. दिसायला सारख्या असलेल्या शब्दांचंही तेच. 'प्रिस्क्राइब' म्हणजे करायला सांगणं आणि 'प्रोस्क्राइब' म्हणजे करायला बंदी घालणं. हे दोन्ही एकाच आठवड्यात घेतले तर पुढे महिनाभर दोन्ही चुकतात. एक पुरता मुरला की मगच दुसरा डेकमध्ये टाकायचा.

मग मी माझी कार्डं वेगळ्या रीतीने करायला घेतली. मराठीतलं 'कमी करणे' घ्या. शब्दकोश उघडला की 'मिटिगेट', 'अलीव्हिएट', 'कर्टेल', 'कर्ब', 'डिमिनिश' सगळ्यांपुढे कमी-अधिक तोच अर्थ. असं कार्ड केलं की पाचही शब्द 'येतात' आणि वापरता एकही येत नाही. वाक्यांत मात्र त्यांची घरं वेगळी आहेत. 'अलीव्हिएट' होतात त्या वेदना, दारिद्र्य, हाल. जिथे कुणीतरी सोसतं आहे तिथे हा शब्द. 'मिटिगेट' होते जोखीम किंवा दुष्परिणाम. वाईट गोष्ट टळत नाही, तिची धार बोथट होते. 'कर्टेल' करतात हक्क, अधिकार, खर्च किंवा ठरलेला दौरा. त्यात कात्री लावल्याचा भाव आहे आणि बहुतेकदा ज्याचं कापलं जातं त्याची नाराजी. 'कर्ब' महागाईला, प्रदूषणाला, उधळपट्टीला. वाढत चाललेल्या गोष्टीला लगाम. 'डिमिनिश' मात्र एखादी गोष्ट आपली आपणही होते: महत्त्व, प्रभाव, उत्साह.

हे आपल्याला नवं नाही. पाऊस मुसळधार असतो, थंडी कडाक्याची, ऊन रणरणतं आणि अंधार मिट्ट. 'मुसळधार थंडी' कुणी म्हणत नाही, आणि का म्हणत नाही याचा नियम कुणी शिकवलेलाही नसतो. इंग्रजीत यालाच कोलोकेशन म्हणतात, आणि वरच्या पातळीवर अडतं ते मुख्यतः इथेच. 'अटर' घ्या. 'अटर केऑस', 'अटर नॉनसेन्स' चालतं. 'अटर सक्सेस' व्याकरणाने बरोबर असलं तरी कानाला खटकतं, कारण हा शब्द बहुतेक वाईटाच्याच संगतीत दिसतो. अगदी साधा 'कॉज'सुद्धा नुकसान, अपघात, गोंधळ यांच्याच मागे लागलेला असतो.

म्हणून माझ्या कार्डाच्या पुढच्या बाजूला वाचनात आलेलं अख्खं वाक्य असतं आणि त्यात शब्दाच्या जागी रिकामी जागा. अँकीत याला क्लोझ म्हणतात. शब्दाचं पहिलं अक्षर देते, नाहीतर दुसरा एखादा शब्दही तिथे बसतो आणि उत्तर बरोबर की चूक यावर स्वतःशीच वाद होतो. मागे इंग्रजीतूनच छोटा अर्थ, सोबत येणारे दोन-तीन शब्द आणि उच्चाराचा आवाज. अर्थासाठी लर्नर्स डिक्शनरी, म्हणजे इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी केलेला कोश, वापरावी. लाँगमनच्या अशा कोशात अर्थ साधारण 2,000 सोप्या शब्दांतच दिलेले असतात, त्यामुळे एका शब्दासाठी आणखी तीन शोधत बसावे लागत नाहीत. संगत तपासायला 'कोका' हा अमेरिकन इंग्रजीचा कॉर्पस, म्हणजे खऱ्या वापरातल्या मजकुराचा शोधता येणारा साठा, आहे. त्यात 1990 पासून 2019 पर्यंतचे शंभर कोटींहून जास्त शब्द आहेत. शब्द टाकला की त्याच्या शेजारी काय काय येतं ते समोर येतं. 'मिटिगेट' टाकून बघा, वर लिहिलेलं पटेल.

एक कार्ड असं करायला दोन-तीन मिनिटं जातात. हा वेळ फुकट जातो असं ज्यांना वाटतं त्यांचं अँकीशी जमणार नाही, असं माझं स्पष्ट मत. शब्द खरा डोक्यात शिरतो तो हे कार्ड करताना. पुढची उजळणी फक्त त्याला बाहेर जाऊ देत नाही.

आवाजाचं म्हणाल तर तो हवाच. वाचून वाढवलेल्या शब्दसंग्रहाची ही जुनी खोड आहे. शब्द डोळ्यांनी ओळखीचा, पण तोंडात चुकीचा. 'हायपरबोल' नव्हे, 'हायपर्बली'. 'एपिटोम' नव्हे, 'इपिटमी'. आपल्याला लिहिल्याप्रमाणे वाचायची सवय, आणि इंग्रजी स्पेलिंग त्या सवयीचा पुरेपूर गैरफायदा घेतं.

काही शब्द काही केल्या बसत नाहीत. एकच कार्ड आठ वेळा विसरलं की अँकी त्याला 'लीच' ठरवतं, आणि सेटिंग तशी असेल तर बाजूलाही टाकतं. नाव समर्पक आहे, जळूच ती. तिच्याशी झुंजण्यात अर्थ नाही. वाक्य बदलून बघावं, तरी बसत नसेल तर कार्ड उडवावं. माझा 'ऑब्स्ट्रेपरस' असाच गेला आणि त्यावाचून काही अडलेलं नाही.

शब्द निवडायचे कुठून, हाही प्रश्न येतो. अभ्यासाच्या, संशोधनाच्या इंग्रजीसाठी एव्हरिल कॉक्सहेड यांची 2000 सालची ॲकॅडेमिक वर्ड लिस्ट अजून उत्तम आहे. तिच्यात 570 शब्दकुटुंबं आहेत आणि शैक्षणिक मजकुरातला सुमारे दहावा हिस्सा त्यांनीच व्यापलेला असतो. तिच्या पलीकडे मात्र याद्या सोडून द्याव्यात. जो शब्द वेगवेगळ्या लेखकांकडे दोनदा भेटला त्याचंच कार्ड करायचं. एकदाच भेटलेला शब्द त्या लेखकाचा लाडका असू शकतो.

फायदा किती झाला? वाचनात बराच. अग्रलेख आता न अडखळता जातो. लिहिण्यात कमी, बोलण्यात त्याहून कमी. रिकामी जागा भरता येणं आणि कोऱ्या कागदावर तो शब्द वेळेवर सुचणं यांत अंतर आहे, आणि ते अंतर अँकी कापून देत नाही. त्यासाठी आठवड्यात पक्क्या झालेल्या कार्डांतले चार-पाच शब्द घेऊन मी एक परिच्छेद लिहिते. तो बहुधा भयंकर असतो, कारण पाच भारदस्त शब्द एका परिच्छेदात कोंबले की इंग्रजी फुगतं. 'यूज' पुरेल तिथे 'युटिलाइझ' घालणाऱ्यांची जमात आधीच मोठी आहे. म्हणून तो परिच्छेद कुणाला दाखवत नाही. कामाच्या ईमेलमध्ये एखादाच शब्द जातो, तोही आपणहून आला तर.

न जमलेला भाग एकच: फ्रेझल व्हर्ब्ज, म्हणजे साध्या क्रियापदाला 'आउट', 'अप' असं काही जोडलं की अर्थच बदलतो ती. 'मेक आउट' म्हणजे धूसर दिसणारं ओळखणं, चेक लिहिणं, एखाद्या गोष्टीचा आव आणणं, आणि अमेरिकेत चुंबनंही. प्रत्येक अर्थाचं वेगळं कार्ड केलं तर कार्डं अतोनात वाढतात, एकात सगळे घातले तर उत्तर अर्धवटच येतं. ती आता डेकमधून काढून टाकली आहेत. त्यांच्यासाठी पॉडकास्ट ऐकते.